दोघा साडूंचं अर्धं-अर्धं

थोरलीने सोफा उलटा पाडला आणि त्याच्या पोटाचं काळं कापड सुरीने या टोकापासून त्या टोकापर्यंत टर्रकन फाडलं. सोफा परका नव्हता, स्वतःच्याच घरातला होता आणि मागच्या वर्षी तिनेच नव्याने मढवला होता. पण तळपायाची आग मस्तकाला गेली की तिला आपलं-परकं काही दिसत नसे.

सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा मढवून देणं हा तिचा धंदा. वर्कशॉप घराखालीच. लोकांच्या सोफ्यांच्या पोटात काय काय निघतं ते तिला विचारावं. कंगवे, चमचे, मोजे, एकदा तर दातांची अख्खी कवळी. आणि पिणाऱ्याच्या घरचा सोफा असला तर बाटली. ती बहुधा डाव्या अंगाला, मागच्या दोन स्प्रिंगांच्या मध्ये खोचलेली असते. ही अक्कल तिला गिऱ्हाइकांकडून आलेली नव्हती. ती नवऱ्याने शिकवली होती, आणि या शिकवणीची फी तिने आयुष्यभर भरली होती.

आज स्प्रिंगांमध्ये काही नव्हतं. मग तिने पाण्याची टाकी बघितली, बुटांचे खोके बघितले, धुण्याच्या मशीनमागे हात घातला, धान्याचे डबे उपसले. घर आडवं-उभं झालं, पण बाटली नाही. बाटली नाही म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला उलट आणखी चीड आली. घरात नाही म्हणजे बाहेर ढोसतो, आणि घरी येऊन साळसूदपणे चहा मागतो!

दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला होता. फोनवर स्वतः डॉक्टरीणबाई होत्या. "तुमच्या मिस्टरांचे लिव्हरचे आकडे एकदम वाढलेत. उद्या त्यांना घेऊन या. आणि तुम्हीही या." बाई गोड बोलतात, पण "तुम्हीही या" हे शब्द थोरलीने पूर्वी इतक्यांदा ऐकले होते की त्यांच्या मागे काय येतं ते तिला सांगायला नको होतं.

तिच्या नवऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. तो लिफ्टचा मेकॅनिक. त्याच्या जोडीला धाकटीचा, म्हणजे थोरलीच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. त्याचं नाव पडलं होतं लंबू. साडू-साडू म्हटले की एकमेकांचे कपडे, गाडी आणि पगार चोरून बघणार, हे ठरलेलंच. पण या दोघांचं गूळपीठ असं की बहिणींनाच हेवा वाटावा. त्याला कारण त्यांचा धंदा. एक जण वर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, दुसरा खाली लिफ्टच्या खड्ड्यात. वरच्याने चुकून मोटर चालू केली तर खालच्याचा चेंदामेंदा. अशा कामात ज्याच्या हाती आपला जीव, त्याच्यापासून काही लपवून खाता येत नाही. म्हणून त्यांचा कायदा होता, जे असेल ते अर्धं-अर्धं. डबा अर्धा-अर्धा, बिडी अर्धी-अर्धी, आणि बाटलीसुद्धा अगदी रेघ मारून अर्धी-अर्धी. एकाने ग्लास उचलल्याशिवाय दुसऱ्याने ओठाला लावायचा नाही. एकदा लंबूचा फोन लांबला तर वस्ताद भरला ग्लास हातात धरून अर्धा तास बसून राहिला, पण घोट घेतला नाही. ही गोष्ट ते मोठ्या अभिमानाने सांगत. थोरली म्हणे, "एवढा धर्म बायकांशी पाळला असता तर घरोघरी तुमचे फोटो लागले असते!"

व्हायचं तेच झालं. पोटंसुद्धा दोघांची बरोबरच फुगली आणि दोघे एकाच वॉर्डात जाऊन पडले. तिथे डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, घेतलं. नवीन गोळी होती. पिण्याची ओढ कमी करते का, आणि खराब झालेल्या लिव्हरला सोसते का, हे बघायचं होतं. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पोकळ, आत औषध नसलेली. कुणाला कुठली ते ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरीणबाईंना. दर महिन्याला जायचं, यंत्रात फुंकायचं, लघवी द्यायची, रक्त द्यायचं. मग बरगड्यांवर एक दांडी टेकवून टकटक करत आणि लिव्हर किती कडक झालंय ते पडद्यावर बघत. आधीची बाटली रिकामी दाखवली की गोळ्यांची नवी बाटली मिळे.

आणि खरंच, दोघांची सुटली. थोरलीने पहिले सहा महिने विश्वास ठेवला नाही. ती रोज त्याचं तोंड हुंगत होती. मग एक दिवस हुंगायची विसरली. मग सोफा नवा मढवला. विश्वास ठेवला हीच आपली चूक झाली, असं आज त्या फाटक्या सोफ्यासमोर बसून तिला वाटत होतं.

संध्याकाळी वस्ताद आला. उलटा सोफा बघून दारातच थबकला.

"काय शोधतेस?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय शोधते!"

"मी पीत नाही."

"हे वाक्य मला पाठ आहे. तुमच्यापेक्षा चांगलं म्हणून दाखवू शकते."

तो चप्पल काढून स्वतःच चहा टाकायला आत गेला. त्या शांतपणाने ती आणखी भडकली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघं बसली. लंबूचीही तपासणी होती, तो काचेच्या दाराबाहेर बाकावर आपली पाळी यायची वाट बघत होता. बाईंनी पडदा वळवून आकडे दाखवले. आकड्यांतलं थोरलीला फारसं कळत नव्हतं, पण बाणाचं टोक वर आहे एवढं दिसत होतं.

"काविळीचे विषाणू तपासले, नाहीत," बाई म्हणाल्या. "खडे नाहीत. फुंकरीत, लघवीत दारू सापडली नाही. पण लघवीत दोन-चार दिवसांचंच कळतं. नवीन गोळीमुळेही लिव्हर असं बिघडू शकतं, म्हणून मी वरची परवानगी काढून यांची सीलबंद माहिती उघडायला लावली."

"मग?"

"यांच्या बाटलीत औषध नाहीच. पहिल्यापासून पोकळ गोळ्या आहेत. म्हणजे गोळीचा दोष नाही."

"म्हणजे दारू," थोरली म्हणाली.

"मी तसं म्हणत नाही. पण बहुतेक वेळा..." बाईंनी वाक्य सोडून दिलं. शिकलेली माणसं अशी वाक्यं सोडून देतात आणि मग ती बायकांना घरी नेऊन पुरी करावी लागतात.

"नाही प्यायलो," वस्ताद म्हणाला.

"रक्ताची एक तपासणी आहे," बाई म्हणाल्या. "महिनाभरात माणूस प्यायलाय का, ते सांगते. नमुना घेतलाय आम्ही."

"मग बघा ना! सोक्षमोक्ष होऊ दे!"

"ती इथे होत नाही. नमुने फ्रीजरमध्ये ठेवतो. खोका भरला की दुसऱ्या शहरातल्या लॅबला जातो."

"खोका कधी भरणार?"

"अजून काही पेशंट यायचेत."

थोरली उठूनच उभी राहिली. "म्हणजे माझा संसार तुम्ही आइस्क्रीमसारखा फ्रीजरमध्ये ठेवलाय आणि डबा भरायची वाट बघताय! हा माणूस खरा की खोटा, ते त्या खोक्यात आहे, आणि मी घरी सोफे फाडत बसलेय!"

"ताई, बसा. नियम असतात. तोवर यांच्या गोळ्या बंद. बाटली परत करा. आठवड्याने पुन्हा रक्त तपासू."

वस्तादने खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्याची नजर काचेबाहेर बाकावर बसलेल्या लंबूकडे गेली आणि त्याने तोंड मिटलं. हे थोरलीने बघितलं. दोघे मिळून प्यायलेत, आणि साडूचं नाव पुढे येईल म्हणून हा मूग गिळून बसलाय, असा तिने अर्थ लावला. तो थोडा बरोबरही होता, हीच त्यातली वाईट गोष्ट.

घरी आल्यावर तिने त्याची गादी खाली वर्कशॉपमध्ये टाकली.

"माझ्या छताखाली पिणारा नको. रिपोर्ट येईपर्यंत इथे झोपा. चांगला आला तर वर या, वाईट आला तर इथूनच सरळ पुढे जा."

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय बरं? भांडा तरी!"

तो भांडला नाही. पुढच्या तपासणीलाही गेला नाही. "दोषी ठरवलंय तर कशाला जायचं," म्हणाला. उसवलेल्या सोफ्यांमध्ये, फोमच्या ढिगाऱ्यात अंग टाकून पडे, सकाळी उठून कामावर जाई. ती जेवण खाली आणून आपटे. ते निम्मं तसंच परत येई. दिवसेंदिवस तो अंग खाजवत असे, दंडांवर नखांचे ओरखडे उठले होते. थोरलीला ही सगळी लक्षणं तोंडपाठ होती. भूक गेली, खाज सुटली, बोलणं खुंटलं. पुन्हा लागली त्याला. वर्कशॉपमधला दिवा पिवळा, त्या उजेडात सगळ्यांचीच तोंडं पिवळी दिसत, त्यामुळे आणखी काही तिला दिसलं नाही. त्याच्या तोंडाकडे तिने नीट बघणंही सोडलं होतं म्हणा.

त्यात धाकटी आली. तिचं बरं चाललं होतं. लंबूचे आकडे उतरले होते, त्याचं वजन वाढलं होतं, घरात नवे पडदे लागले होते. ती खुर्चीच्या हातावर टेकून म्हणाली, "जाऊ दे ग ताई. सगळ्यांनाच नाही जमत. आमच्या यांचा निश्चयच दांडगा."

थोरली तेव्हा एका खुर्चीला बारीक खिळे मारत होती. हातोडी अंगठ्यावर बसली.

"निश्चय? बाटलीत खरी गोळी पडली, त्याला निश्चय म्हणतेस?"

"कुणी सांगितलं खरी पडली म्हणून?"

"मग तुझा काय वेगळ्या मातीचा आहे का? लहानपणापासून तुझं असंच. माझ्या ताटातलंही तुझं आणि तुझ्या ताटातलंही तुझं!"

धाकटी तोंड वाकडं करून निघून गेली. थोरली अंगठा तोंडात धरून बसली. दुखत अंगठा होता, पण रडू वेगळ्याच गोष्टीचं येत होतं, आणि ते तिला मान्य नव्हतं.

मग तिने ठरवलं, याला रंगेहाथ पकडायचं. दोघांची बैठकीची जागा तिला ठाऊक होती. उंच इमारत, तिच्या गच्चीवर मशीनरूम, हातातलं काम आटोपलं की दोघे तिथे बसत. पूर्वी तिथूनच तिने त्यांना कितीदा उतरवून आणलं होतं. एका दुपारी तिने वर्कशॉपला कुलूप लावलं आणि गेली. लिफ्ट अर्थातच दुरुस्तीला बंद होती. जिने चढता चढता ती प्रत्येक मजल्यावर एकेक शिवी जुळवत गेली, म्हणजे वर पोचेपर्यंत साठा तयार असावा.

मशीनरूमचं दार उघडं होतं. तेलाचा वास, मोटरची ऊब. आत दोन उलटे खोके, त्यांवर दोघे समोरासमोर, मध्ये दोन स्टीलचे ग्लास. सापडले! तिने नाक पुढे करून वास घेतला. ग्रीस, घाम, बिडी. दारूचा वास नव्हता.

लंबूने खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली, उघडली, तळहातावर गोळ्या ओतल्या.

"एक तुला, एक मला," तो म्हणाला.

दोघांनी गोळ्या तोंडात टाकल्या, ग्लास एकमेकांवर आपटले आणि पाणी प्यायले.

"काय चाललंय हे?"

लंबूच्या हातून डबी पडली. पांढऱ्या गोळ्या मोटरखाली, दोरांखाली, कुठे कुठे घरंगळत गेल्या. वस्ताद उठून उभा राहिला. दारातून येणारं लख्ख ऊन त्याच्या तोंडावर पडलं आणि थोरलीने कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे नीट बघितलं. डोळे पिवळेजर्द झाले होते.

"ताई, ओरडू नका, सांगतो," लंबू चाचरत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून असंच आहे. खरी कुणाला, पोकळ कुणाला, काय ठाऊक? एकाला औषध मिळायचं आणि दुसरा कोरडा राहायचा, हे बरं दिसतं का? म्हणून दोन्ही बाटल्या या डबीत ओतायच्या, कालवायच्या, आणि अर्ध्या-अर्ध्या घ्यायच्या."

"आणि यांची बाटली काढून घेतली तेव्हापासून?"

"माझ्यातल्या देतोय. त्यांच्या पोकळ होत्या म्हणजे खऱ्या माझ्याच ना? मग त्यांना सोडून मी एकट्यानेच कसं खायचं?"

थोरलीच्या डोक्यात डॉक्टरीणबाईंचं वाक्य वाजलं. गोळीमुळेही लिव्हर असं बिघडू शकतं. बाटलीत औषध नाही म्हणून बाईंनी गोळी सोडून दिली आणि माणूस धरला. तिनेही माणूसच धरला. बाटल्या दोन असल्या तरी डबी एकच आहे, हे कुणाच्या बापाच्या लक्षात आलं असतं?

"अहो भावोजी, तुम्हाला मानाने भावोजी म्हणते म्हणून वाचलात!" तिचा आवाज गच्चीभर घुमला. "तुम्हाला जे मानवतं ते त्यांना विष झालंय! डोळे बघा त्यांचे! रोज समोर बसता ना? दिसले नाहीत? दारू अर्धी-अर्धी, आता मरणसुद्धा अर्धं-अर्धं वाटून घेताय का?"

"त्याला दिसले होते," वस्ताद म्हणाला. "तो नको म्हणत होता. मीच मागून घेत होतो. गोळी सोडली की पुन्हा प्यायला लागेन अशी भीती होती मला."

"आणि मला सांगायला जीभ झडली होती? मी तुम्हाला नाही नाही ते बोलले! कुत्र्यासारखं खाली झोपवलं!"

"तुला सांगितलं असतं तर तू बाईंना सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

"मग लंब्याच्या गोळ्या बंद झाल्या असत्या. तो त्यांच्यावरच उभा आहे ग."

म्हणजे हा माणूस साडूला वाचवायला बायकोच्या शिव्या खात फोमच्या ढिगाऱ्यावर झोपत होता, आणि ती त्याला वर बोलवायला त्या खोक्याची वाट बघत होती. थोरलीला लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. पण लाजेचं काय करायचं ते तिला कधीच जमलेलं नव्हतं. तिला राग तेवढा जमत होता.

"उठा. हॉस्पिटल."

लंबूने घाईघाईने फोन लावला, "ताईंना कळलं" एवढंच म्हणाला आणि तो तिच्या हातात दिला. पलीकडे धाकटी होती, काय कळलं ते न विचारताच रडत होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"ताई, तुझ्या पाया पडते. आजपासून भावोजी घेणार नाहीत, एवढं पुरे ना? डॉक्टरांना कशाला सांगायचं? यांना काढून टाकतील."

"त्यांना कळलं नाही तर ते उपचार कशावर करतील? न प्यायलेल्या दारूवर?"

"तुझा वाचेल ग. पण माझा पिईल."

धाकटी बरोबर बोलत होती. पडदे, हसू, वाढलेलं वजन, सगळं त्या डबीतून आलेलं होतं, आणि डबी आता बंद होणार होती. धाकटीच्या हातचं खेळणं हिसकावताना लहानपणी वाटायचं तसंच तिला वाटलं, फक्त हे खेळणं नव्हतं. तिने फोन लंबूच्या हातात दिला, नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि जिना उतरायला लागली. त्याला दर मजल्यावर टेकावं लागत होतं. वर येताना जुळवलेली एकही शिवी तिला आठवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा तोल सुटला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? दोघांचेही आकडे कचऱ्यात गेले! यांच्या नावावर पोकळ गोळी लिहिलीय आणि पोटात औषध! इतक्या लोकांनी इतके महिने खपून..."

"ओरडा बाई, तुमचा हक्क आहे," थोरली म्हणाली. "पण आधी यांना सलाईन लावा आणि मग ओरडा. आणि ओरडून झालं की सांगा, दोघांना एकत्र घेतलंत तेव्हा हे साडू आहेत, एकत्र जेवतात, एकत्र पितात, हे एकदा तरी विचारलंत का? लघवी मागितलीत, रक्त मागितलंत. माणूस कुणाबरोबर बसतो ते विचारायला कुठलं यंत्र लागतं?"

बाई वाईट नव्हत्या, हेच तर अवघड होतं. वाईट असत्या तर थोरलीने मनसोक्त भांडून घेतलं असतं. बाईंनी सिस्टरला हाक मारली, स्वतः वस्तादला पलंगावर झोपवलं, आणि लंबूच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या.

वस्ताद वाचला. लगेच नाही. आधी आणखी पिवळा झाला, मग एक-दोन दिवस काहीबाही बडबडला, लिफ्टच्या खड्ड्यात कुणी उतरलंय का म्हणून विचारत राहिला. थोरली उशाशी खुर्ची टाकून बसून राहिली. मग हळूहळू डोळ्यांतलं पांढरं परत आलं. आणि त्यानंतर, सगळं होऊन गेल्यावर, तो खोका भरला आणि रिपोर्ट आला. बाईंनी कागद हातात धरून सांगितलं, "यांच्या रक्तात दारूचा मागमूस नाही. खरं बोलत होते ते."

"आत्ता सांगताय!" थोरली म्हणाली.

बाई गेल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हीही खरं बोललात, पण तेही अर्धंच!"

"तू विचारलंस पिता का. पीत नव्हतो. दुसरं काही कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला. मग कूस वळवून त्याने विचारलं, "सोफा शिवलास?"

"नाही."

"का?"

"हात होत नाही," ती म्हणाली. तिने त्याची उशी ओढून नीट केली, जरा जास्तच जोरात.

त्याच दुपारी धाकटी वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. फोनवरच्या त्या दिवसानंतर बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आजही ती आत आली नाही. केस विस्कटलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"सकाळपासून फोन उचलत नाहीत," ती म्हणाली. "काल भांडण झालं आणि आज उजाडताच घरातून निघाले. झालं तुझ्या मनासारखं?"

थोरलीने पर्स उचलली. "इथे बस यांच्याजवळ. मला ठाऊक आहे कुठे आहेत ते."

या वेळी लिफ्ट चालू होती. अर्धी नवऱ्याने आणि उरलेली अर्धी लंबूने एकट्याने दुरुस्त केलेल्या त्या लिफ्टमधून ती एकटीच वर गेली. मशीनरूमचं दार लोटलेलं होतं. ढकललं आणि वास थेट नाकात शिरला. ज्याच्या शोधात तिने आयुष्यभर सोफे उसवले तोच वास.

लंबू आपल्या खोक्यावर बसला होता. शेजारी बाटली, तिच्यावर पेनाने मारलेली रेघ. रेघेच्या वरचं ओतलेलं होतं. एक भरलेला ग्लास त्याच्या हातात होता आणि दुसरा भरलेला ग्लास समोर, वस्तादच्या रिकाम्या खोक्यावर.

"किती झाले?" तिने विचारलं.

"एकही नाही, ताई." त्याचे डोळे लाल होते, पण जीभ जड नव्हती. "एकट्याने कधी प्यायलोच नाही. मघापासून उचलतोय आणि खाली ठेवतोय. समोरचा ग्लास कुणी उचलतच नाही."

ते सगळं लाथेने उडवून द्यावं असं तिला वाटलं. पाय उचललाही तिने. पण हे सांडलं तर हा उठेल, खाली जाईल, कुठल्याही गुत्त्यात कुणाही लुंग्यासुंग्यासमोर बसेल, आणि तो समोरचा ग्लास उचलेलच. तिने पाय खाली ठेवला. वस्तादच्या खोक्यावरचा ग्लास हातात घेतला आणि त्या खोक्यावर बसली.

लंबूने चमकून तिच्या हाताकडे बघितलं. "ताई, तुम्ही घेणार?"

"नाही."

"मग?"

"हा वस्तादचा वाटा आहे ना? तो आता माझ्या हातात आहे. मी उचलेपर्यंत तुम्हाला घोट नाही. कायदा तुमचाच आहे, माझा नाही."

"ताई, चेष्टा नका करू. जीव जळतोय माझा."

"माझाही जळतोय. तुमचा दारूसाठी, माझा रागाने. बसा मुकाट्याने."

"किती वेळ बसणार तुम्ही?"

"मला काय घाई आहे? घरी सोफा फाटलेला आहे. बसायला जागा नाही."

तो कसनुसा हसला आणि मग रडायला लागला, एवढा उंच माणूस खोक्यावर दुमडून. तिने त्याचं सांत्वन केलं नाही. ग्लास गुडघ्यावर टेकवून, नाक दुसरीकडे करून ती बसून राहिली. त्याने दोनदा आपला ग्लास उचलला, तिच्याकडे बघितलं, आणि खाली ठेवला.

खाली कुणीतरी बटण दाबलं. शेजारची मोटर घरघरली, दोर सरकायला लागले. लंबूने नाक पुसत कान दिला.

"ब्रेक घासतोय," तो म्हणाला. "वस्तादला सांगायला पाहिजे."

"उद्या या सांगायला," थोरली म्हणाली. "पण शुद्धीत या."